शब्दयादी, गुणपद्धत की शिकणारा फिल्टर: राजकीय पत्रव्यवहारासाठी काय निवडावे?

लोकप्रतिनिधीचे कार्यालय, कामगार संघटना, धोरणांचा अभ्यास करणारा गट, अशा कोणाच्याही मेल सर्व्हरवर स्पॅम फिल्टर बसवताना विक्रेता आक्षेपार्ह शब्दांची तयार यादी पुढे करतो, ती चालू केली जाते आणि विषय संपला असे समजले जाते. अडचण अशी की राजकीय चर्चेचे शब्द आणि त्या यादीतले शब्द बऱ्याच अंशी एकच असतात. बलात्काराच्या कायद्यावर, अमली पदार्थांच्या धोरणावर किंवा दहशतवादविरोधी विधेयकावर लिहिणाऱ्याला ते शब्द टाळता येत नाहीत आणि निषेधपत्रावर तातडीने सही करा, देणगी द्या, असे आवाहन करणाऱ्याची भाषा वरवर पाहता फसव्या जाहिरातीसारखीच दिसते.

ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सला हा अनुभव फेब्रुवारी २००३ मध्ये आला. नव्याने बसवलेल्या फिल्टरने लैंगिक गुन्ह्यांविषयीच्या विधेयकाचा उल्लेख असलेली पत्रे अडवायला सुरुवात केली आणि तेव्हा त्याच विधेयकावर संसदेत चर्चा चालू होती. लिबरल डेमोक्रॅट पक्षाने सेन्सॉरशिपवर मते मागवण्यासाठी काढलेल्या मसुद्यासंबंधीचे काही मेलही त्यात अडकले, इतकेच नव्हे तर वेल्श भाषा ओळखता न आल्याने त्या भाषेतली पत्रेही थांबली. कोणाचा आवाज दाबावा असा यात हेतू नव्हता, आणि म्हणूनच फिल्टर निवडणाऱ्याने हे उदाहरण लक्षात ठेवावे.

शब्दयादीच्या बाजूने सांगण्यासारखी गोष्ट एकच: ती समजायला सोपी असते. मेल का अडला, याचे उत्तर एका शब्दात देता येते. पण ती मजकुराचा अर्थ पाहत नाही, आणि कित्येकदा शब्दही नीट पाहत नाही. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावाच्या रहिवाशांना एओएल या इंटरनेट सेवेवर खाते उघडता येईना, कारण गावाच्या नावात एका शिवीची अक्षरे सलग येतात. मराठी मजकुराच्या बाबतीत तर हा घोळ आणखी वाढतो. धमक्या अडवाव्यात म्हणून कोणी ‘मार’ हा शब्द यादीत घातला आणि फिल्टर नुसता अक्षरक्रम शोधत असेल, तर ‘इमारत’, ‘कुमार’ आणि ‘सुमारे’ हे सगळे गुन्हेगार ठरतात. पूर्ण शब्द जुळला तरच अडवावे, अशी अट घातली की प्रश्न सुटेल असे वाटते. पण पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेसोबत येणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या, म्हणजे मजकुरात ठरावीक रचना शोधण्याच्या, लायब्ररीत काना, मात्रा, उकार आणि हलन्ताचे चिन्ह यांना शब्दाचा भाग मानले जात नाही, त्यामुळे तिच्या दृष्टीने ‘कुमार’मधल्या उकारानंतर नवा शब्द सुरू होतो, ‘मारुती’मधल्या उकारापाशी शब्द संपतो, आणि वरच्या तिघांपैकी ‘इमारत’ तेवढी सुटते. मोर्चाचा मार्ग कळवणारे साधे पत्रही मग धमकी म्हणून अडकते. असे साधन विकणाऱ्याला देवनागरीची चाचणी केली आहे का, हे विचारायलाच हवे.

यादीत शब्दांऐवजी वेबसाइटचे पत्ते असले तरी स्वभाव तोच राहतो. एप्रिल २००६ मध्ये एओएलच्या सशुल्क मेलच्या योजनेला विरोध करणाऱ्या मोहिमेचा पत्ता असलेले मेल एओएलच्याच ग्राहकांपर्यंत पोहोचेनासे झाले. कंपनीने तांत्रिक बिघाडाचे कारण दिले. सप्टेंबर २०११ मध्ये याहूने ऑक्युपाय वॉल स्ट्रीट आंदोलनाच्या साइटचा पत्ता असलेले मेल अडवले आणि स्पॅम फिल्टरमुळे हे अनवधानाने घडल्याचे सांगून माफी मागितली. स्पष्टीकरणे खरी मानली तरी, एओएलच्या बाबतीत झाले तसे ज्याच्यावर टीका होते आहे त्याच्याच यंत्रणेत टीकेचे पत्र अडकले की संशय फिटत नाही.

गुणपद्धतीत एकट्या शब्दावर निकाल लागत नाही. स्पॅमअसॅसिन या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नियमाला गुण असतात, काहींना उणे गुणही असतात, आणि बेरीज ठरावीक मर्यादेला पोहोचली तरच मेल स्पॅम ठरतो. ही मर्यादा मुळात ५ असते आणि ती बदलता येते. विषयाच्या ओळीतला भडक शब्द, बनावट वाटणारा पाठवणारा आणि संशयास्पद दुवा हे तिन्ही एकत्र आले तर मेल अडेल, परंतु ओळखीच्या सर्व्हरवरून आलेले, त्याच शब्दाचे पत्र सुटेल. शिवाय मेलच्या शीर्षभागात कोणता नियम लागला आणि त्याचे किती गुण धरले, हे नोंदवलेले राहते, म्हणजे तक्रार आली तर अ‍ॅडमिनला, म्हणजे मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याला, नेमका नियम सैल करता येतो. कष्ट मात्र घ्यावे लागतात. गुण मुळात ठरवलेले असतात ते सर्वसाधारण पत्रव्यवहार डोळ्यांपुढे ठेवून, तेव्हा आपल्या पत्रव्यवहारासाठी ते अधूनमधून जुळवत राहणारा माणूस लागतो.

शिकणारा फिल्टर, म्हणजे आधीच्या मेलमधल्या शब्दांवरून स्पॅमची शक्यता मोजणारा (बायेसच्या संभाव्यतेवर चालणारा) किंवा त्याहून नवा, हे जुळवणे स्वतःच करतो. स्पॅमअसॅसिनमधला असा भाग किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकल्यावरच निकाल देऊ लागतो. ज्या कार्यालयात लैंगिक अत्याचारावरील कायद्याची पत्रे रोज येतात, तिथे ते शब्द चांगल्या मेलमध्येही मुबलक असल्याने संशयास्पद उरत नाहीत, आणि हा मोठाच फायदा आहे. तोटा असा की तो माणसांच्या बटण दाबण्यावरून शिकतो, आणि न पटणाऱ्या पक्षाच्या पत्रालाही स्पॅम म्हणणारे लोक कमी नाहीत. अमेरिकेतल्या २०२० च्या निवडणुकीतील प्रचाराच्या मेलवर नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०२२ मध्ये आला. त्यात जीमेलने उजव्या बाजूच्या उमेदवारांचे, तर आउटलुक आणि याहूने डाव्या बाजूच्या उमेदवारांचे मेल तुलनेने जास्त स्पॅममध्ये टाकल्याचे दिसले. असा कल का पडला, हे बाहेरच्या माणसाला सांगता येत नाही, आणि सार्वजनिक पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या संस्थेला ही उणीव जड जाते.

मजकूर न वाचताच पाठवणाऱ्याची ओळख तपासणे हाही एक मार्ग आहे. एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तपासण्या एवढेच पाहतात की मेल ज्या डोमेनच्या (पत्त्यातल्या @ पुढच्या) नावाने आला, त्याच्याच परवानगीने तो निघाला का. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू घाऊक मेल पाठवणाऱ्यांकडून या तिन्हींची अपेक्षा करतात. मताशी त्यांचा काही संबंध नाही, म्हणून त्या आधी लावाव्यात. मात्र नीट ओळख असलेला उपद्रवी माणूस त्यातून आत येतोच, तेव्हा त्यांच्या एकट्याच्या भरवशावर राहता येत नाही.

मेल संशयास्पद ठरल्यावर त्याचे पुढे काय होते, याला मी फिल्टरच्या प्रकाराइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व देतो. मेल गुपचूप टाकून देणे सर्वांत वाईट, कारण पाठवणाऱ्याला तो पोहोचला असे वाटते आणि घेणाऱ्याला तो आलाच नाही असे वाटते. ५५० चा नकार, म्हणजे मेल स्वीकारत नाही असे सर्व्हरने पाठवणाऱ्या सर्व्हरला या क्रमांकाच्या संकेताने कळवणे, कठोर वाटला तरी प्रामाणिक असतो. पाठवणाऱ्याला मेल बाउन्स झाल्याचे कळते आणि तो फोन करू शकतो. क्वारंटाइन, म्हणजे संशयास्पद मेल बाजूला रोखून ठेवणे, तेव्हाच उपयोगाचे, जेव्हा ते कोणी रोज उघडून पाहते. विषयाच्या ओळीत खूण करून मेल वेगळ्या फोल्डरमध्ये पोहोचवणे छोट्या कार्यालयाला सर्वांत परवडते.

अ‍ॅडमिन असलेल्या संस्थेने गुणपद्धत घ्यावी, शिकणाऱ्या भागाला त्यातला एक नियम म्हणून ठेवावे आणि शब्दांना एवढे कमी गुण द्यावेत की केवळ त्यांच्या बेरजेने मर्यादा गाठली जाणार नाही. ज्यांच्याकडे असा माणूस नाही, त्यांनी मोठ्या सेवेचा तयार फिल्टर वापरावा, पण त्यावर स्वतःची शब्दयादी चढवू नये. दोघांनीही फिल्टर चालू करण्याआधी तो मागच्या काही महिन्यांच्या खऱ्या पत्रव्यवहारावर नुसती खूण करण्याच्या पातळीवर चालवून पाहावा आणि अडकलेली पत्रे त्या विषयात काम करणाऱ्या माणसाकडून वाचून घ्यावीत. विक्रेता अशी चाचणी करू देत नसेल, तर दुसरा विक्रेता शोधावा.