कॉलनीचा सुरक्षा ग्रुप : पावसाळा ते संक्रांत वापरून झाल्यावर

आधी मार्क सांगून टाकते : पाचपैकी साडेतीन. अर्धा मार्क कापलाय तो रात्री दीड वाजता येणाऱ्या "सर्वांनी सावध राहा 🙏" साठी. कशापासून सावध, ते कधीच लिहिलेलं नसतं. पूर्ण एक मार्क ज्यासाठी कापलाय, ते खाली सविस्तर येईल.

आमची कॉलनी नाशिकला, गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला. रो-हाऊसच्या दोन रांगा, काही जुने बंगले, दोन नव्या इमारती आणि मधे एक मोकळा प्लॉट, ज्याचा मालक कोण हे कुणालाच माहीत नाही. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर लागोपाठ दोन घरफोड्या झाल्या. दोन्ही दिवसाढवळ्या, कडीकोयंडा तोडून. तेव्हा हा व्हॉट्सॲप ग्रुप सुरू झाला. ॲडमिन दोघं : वीज मंडळातून निवृत्त झालेले एक काका आणि कॉलेज रोडला क्लास घेणारी एक ताई. पूर, दिवाळीची सुटी, बिबट्या, मांजा असं सगळं या ग्रुपवर पाहून झालंय, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

ग्रुपचं सगळ्यात चांगलं काम पावसाळ्यातलं. सुरुवात मात्र हास्यास्पद होती. पहिल्या जोरदार सरीलाच कुणीतरी गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती छातीपर्यंत बुडाल्याचा व्हिडिओ टाकला. आम्ही नदीपासून लांब, पण कॉलनीतल्या तिघांची दुकानं गावात, सराफ बाजार आणि भांडी बाजारात. त्यातले एक माल वर चढवायला माणसं बोलवायच्या बेतात होते. त्याआधी त्यांनी शेजारच्या दुकानदाराला फोन लावला, तर तो म्हणाला, घाटावर लोक भजी खातायत. व्हिडिओ २०१९ च्या पुराचा होता.

त्या दिवशी काकांनी नियम केला. पाण्याबद्दल लिहायचं तर तारीख, वेळ आणि दोन आकडे द्यायचे : गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं आणि गावातल्या होळकर पुलाखालून किती वाहतंय. इतकी वर्षं नाशकात राहून हे दोन आकडे वेगळे का असतात याचा मी विचारच केला नव्हता. धरणाच्या खाली, शहरापर्यंत जो पाऊस पडतो त्याचं पाणी नाल्यानाल्यांनी मधेच नदीला मिळतं. त्यामुळे धरणाचा विसर्ग बेताचा असला तरी पुलाखालचा आकडा फुगलेला असू शकतो. घाटावरच्या दुकानदाराच्या कामाचा तो दुसरा आकडा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. हे काकांनी एकदा लिहिलं आणि मग "दहा हजार क्युसेक" वाचल्यावर काय समजायचं ते सगळ्यांना समजलं.

हवामान खात्याच्या इशाऱ्यांचंही तसंच. नाशिकचा घाट परिसर, म्हणजे सह्याद्रीकडचा डोंगराळ भाग, आणि बाकीचं नाशिक यांचे इशारे वेगवेगळे दिलेले असतात. घाटाला रेड अलर्ट आणि आपल्या गच्चीवर ऊन, असं झालं की ग्रुपवर टिंगल ठरलेली. पण गंगापूर धरण भरतं ते त्र्यंबकच्या बाजूला पडणाऱ्या पावसाने, आपल्या गच्चीवरच्या नाही. तिकडे दोन दिवस झोडपलं की गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, गाडी लावायची नाही, एवढं साधं गणित. तरी दर पावसाळ्यात घाटावरून वाहत जाणारी एखादी कार टीव्हीवर दिसतेच. निदान आमच्या कॉलनीतली नव्हती.

विजांसाठी दामिनी ॲप बरं आहे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने केलेलं. आसपास वीस ते चाळीस किलोमीटरच्या टापूत वीज पडत असेल तर कळवतं. शहरात त्याचं फारसं काम पडत नाही. पण दिंडोरीला ज्यांची द्राक्षबाग आहे ते ऑक्टोबरात मजुरांना मांडवाखालून बाहेर काढायला तेच बघतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं सचेत ॲपही घेऊन ठेवलंय. त्याचा इशारा थेट येतो, कुणाच्या फॉरवर्डची वाट बघावी लागत नाही.

आता बिबट्या. आमच्या भागात ही चेष्टा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सावरकरनगरात बिबट्या शिरला तेव्हा बातमी घ्यायला गेलेले पत्रकारही जखमी झाले होते. म्हणून एका संध्याकाळी कंपाउंडवर बसलेल्या बिबट्याचा फोटो आला तेव्हा अख्ख्या कॉलनीने दारं लावून घेतली. फोटो अगदी झकास. भिंत, बोगनवेल, शेजारी तुळशीवृंदावन. ताईने तो मोठा करून पाहिला. वृंदावनावर काहीतरी कोरलेलं होतं आणि ती अक्षरं कुठल्याच लिपीतली नव्हती. तिने ग्रुपवर तीनच प्रश्न टाकले : फोटो कोणी काढला, कुठल्या गेटसमोर, किती वाजता? उत्तर एकाचंही आलं नाही. फोटो मोबाईलवर एआयने बनवलेला होता.

तेव्हापासून हे तीन प्रश्न ग्रुपच्या माथ्यावर पिन करून ठेवलेत. व्हॉट्सॲपवर पिन जास्तीत जास्त तीस दिवस टिकतो, त्यामुळे काका दर महिन्याच्या एक तारखेला तो नव्याने लावतात, पेन्शनच्या दिवशी. शिवाय ज्या मेसेजवर दोन बाण दिसतात, म्हणजे जो हातोहात फिरत फिरत आलाय, तो टाकायचाच नाही. या एका नियमाने ग्रुपवरचा निम्मा कचरा गेला असेल.

पुढे एकदा खरी नोंद आली : "मोकळ्या प्लॉटच्या भिंतीजवळ, पहाटे सहा दहा, मी स्वतः पाहिलं, एकच जनावर." काकांनी वनविभागाच्या १९२६ वर फोन लावला. माणसं आली, ठसे पाहिले आणि म्हणाली, मोठं कुत्रं आहे. कुणी हसलं नाही, कारण जाता जाता त्यांनी प्लॉटच्या कोपऱ्यातल्या उकिरड्याकडे बोट दाखवलं. कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. फोटो फिरवण्यापेक्षा हा ढीग उचला, असं सरळ सांगितलं. बाकीचा सल्लाही कामाचा होता. पहाटे फिरायला जाताना बॅटरी घ्या, बोलत चला. अंधारात मुलांना खाली बसून खेळू देऊ नका, कारण बसलेलं माणूस त्याला लहान जनावर वाटतं. दिसलाच तर पळू नका आणि घेरूही नका, त्याला जायला वाट सोडा. उकिरडा आठवड्याभरात हलला. ग्रुपमुळे प्रत्यक्ष बदललेली ही पहिली गोष्ट.

आणि आता तो कापलेला मार्क.

"संशयित" या नावाखाली ग्रुपवर जे चालतं ते मला आजही पटत नाही. दिवाळीच्या आधी एका दुपारी सीसीटीव्हीतला फोटो आला. पाठीवर सॅक, हातात लांबट डबा घेतलेला तरुण, भोवती लाल गोल काढलेला. खाली मजकूर : "हा दोनदा फिरून गेला. मुलांकडे बघत होता." बघता बघता तो फोटो शेजारच्या कॉलन्यांच्या ग्रुपवर पोचला आणि नव्या इमारतीतली दोन मुलं बॅट घेऊन खाली उतरली. ताई वेळेवर गेली म्हणून बरं. तो आरओ दुरुस्तीवाला होता. त्याला पत्ता सांगितला होता "दत्तमंदिरामागे", आणि आमच्याकडे दत्तमंदिरं दोन आहेत. ज्या वहिनींनी त्याला बोलावलं होतं त्या ग्रुपवरच होत्या. फक्त त्यांनी ग्रुप म्यूट केला होता.

फोटो काढून टाकला, पण जिथे जिथे पोचला होता तिथून कोण काढणार? "सॉरी, गैरसमज" हा मेसेज मात्र कुणी पुढे पाठवला नाही. गैरसमज दूर झाल्याची बातमी फॉरवर्ड होत नसते.

पुढच्या मीटिंगमध्ये मी राईनपाड्याचा विषय काढला तेव्हा काहींच्या कपाळावर आठ्या आल्या. कुठे ते, कुठे आपण. पण राईनपाडा काही परदेशात नाही, शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात आहे. १ जुलै २०१८ ला तिथे जमावाने पाच जणांना मारून टाकलं. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, ही त्या दिवसांत मोबाईलवर फिरणारी अफवा, एवढंच कारण. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. तिथल्याही कुणाला वाटलं असेल की आपण मुलांची काळजीच करतोय.

म्हणून आता नियम आहे : अनोळखी माणसाचा चेहरा ग्रुपवर टाकायचा नाही. शंका वाटली तर आधी जाऊन "कोण पाहिजे?" विचारायचं, एकट्याने नको, दोघांनी. तरीही वाटलं तर मदतीचा सरकारी नंबर ११२. नियम चांगला आहे, पण महिन्यातून एकदा तरी कुणीतरी मोडतंच, आणि दरवेळी तो माणूस गरीब दिसणाराच असतो. चारचाकीतून उतरलेल्या इस्त्रीच्या शर्टातल्या कुणाला लाल गोल पडलेला मी अजून पाहिला नाही. चोर तशा शर्टातही येतात.

११२ बद्दल. आम्ही तो वेगवेगळ्या कारणांसाठी लावून पाहिला : भांडण, अपघात, एका आजी घरात पडल्या तेव्हा. रुग्णवाहिकेसाठी १०८ थेट लावलेला बरा. फोन उचलला जातो. अडतं ते आपल्या बाजूने, पत्त्यावर. घाबरलेला माणूस "अहो, आमच्या कॉलनीत, पाण्याच्या टाकीजवळ" असं सांगतो, आणि पाण्याच्या टाक्या नाशकात काय कमी आहेत? ताईने यावर छान तोड काढली. मुख्य रस्त्यावरून कुठे वळायचं, डावी-उजवीकडची खूण, पोलीस ठाण्याची हद्द, सगळं चार ओळींत लिहून प्रत्येकाच्या फ्रिजवर चिकटवायला दिलं. वाचून दाखवायचं, बस. आणि आधी फोन, मग ग्रुप. सुरुवातीला लोक ग्रुपवर "कुणीतरी ॲम्ब्युलन्स बोलवा" लिहून वाट बघत बसायचे. शंभर जण वाचायचे आणि प्रत्येकाला वाटायचं दुसऱ्याने केला असेल.

फसवणुकीच्या बाबतीत ग्रुपने एकाच दिवसात दोन्ही रूपं दाखवली. आरटीओच्या चलनाची म्हणून एक एपीके फाईल, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी, ग्रुपवर आली, आणि ती एका सभासदाच्याच नंबरवरून. त्याचा फोन आधीच हॅक झालेला होता. एका काकूंनी फाईल उघडली, संध्याकाळी खात्यातून रक्कम गेली. त्यांच्या मुलाने ग्रुपवर लिहायच्या आधी सायबर फसवणुकीचा नंबर १९३० लावला, बँकेच्या मेसेजमधला व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ सांगितली, मग सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार पूर्ण केली. पैसे पुढच्या खात्यात जिथे पोचले होते तिथे काही रक्कम गोठली. सगळी नाही. या फोनला जेवढा उशीर, तेवढे पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत पांगत जातात. एपीके फाईल ग्रुपवर दिसली की ॲडमिन आता विचारत बसत नाहीत, आधी फाईल उडवतात, मग त्या सभासदाला काढतात, मग साधा फोन करून त्याला कळवतात.

छोट्या तक्रारी. "आम्ही आठ दिवस केरळला चाललोय, घराकडे लक्ष असू द्या" असं दोनशेच्या वर माणसं असलेल्या ग्रुपवर लिहिणाऱ्यांना काय म्हणावं? त्यात दोन एजंट, एक प्लंबर आणि कधीच सोडून गेलेले भाडेकरू आहेत. शेजारच्या घरी किल्ली आणि नंबर द्या, बीटवरच्या पोलिसांना सांगा, संपलं. संक्रांतीच्या आधी नायलॉन मांजाच्या सूचना बऱ्या होत्या : दुचाकीच्या हँडलला तारेचं गार्ड, गळ्याला रुमाल, मुलांना पुढे उभं करायचं नाही. पण मांजा विकत आणणारी मुलंही याच कॉलनीतली, आणि त्यांचे आईवडील याच ग्रुपवर हात जोडलेला इमोजी टाकत होते.

एक बदल उशिरा झाला, पण झाला. सुरुवातीला ग्रुप फक्त घरमालकांचा होता. भाडेकरू कशाला, असा सूर. पण सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून सेकंड शिफ्ट करून मध्यरात्रीनंतर गल्लीत शिरणारी मुलं भाड्याने राहणारीच. कुठला दिवा बंद आहे, कुठलं गेट उघडं राहिलंय, हे बघणारे तेच. त्यांना घेतल्यापासून रात्रीच्या नोंदी नेमक्या येतात : जागा, वेळ, काय दिसलं. विशेषणं नसतात.

पुढची परीक्षा २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमृतस्नानांच्या दिवशी रस्ते बंद असतील आणि अफवांना ऊत येईल. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले, ते गावात राहणाऱ्या जुन्या लोकांना अजून आठवतं. गर्दीत "तिकडे काहीतरी झालंय" एवढं वाक्यही धोक्याचं ठरू शकतं. त्यासाठी वेगळा ग्रुप करायचं ठरतंय, लिहायचा अधिकार फक्त ॲडमिनना. त्यावर तीनच गोष्टी येणार : कुठला रस्ता बंद, कधीपर्यंत, आणि कुठल्या अधिकृत सूचनेवरून. काकांनी ॲडमिन म्हणून तिसरं नाव मागितलंय, सेकंड शिफ्टवाल्या मुलांपैकी एकाचं. त्याला दोघातिघांचा विरोध आहे, भाडेकरू म्हणून. माझं मत त्या मुलाला आहे.