नाजूक पोट आणि ११३ किलोमीटर: पहिली हाफ गोव्यात की कोल्हापुरात?

पहिली हाफ ट्रायथलॉन कुठे करावी असं कुणी विचारलं की बहुतेकजण प्रवास, खर्च आणि मेडल यांवर बोलतात. ज्यांचं पोट त्रास देतं त्यांच्या मनातले प्रश्न वेगळे असतात, आणि ते चारचौघांत विचारता येत नाहीत. सायकलवर मळमळायला लागलं तर? धावताना अचानक कळ आली तर थांबायचं कुठे? मी अकरा वर्षं आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्यांचा जुनाट त्रास) घेऊन जगते आहे आणि दोन्हीकडे भाग घेतला आहे: गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावरची आयर्नमॅन ७०.३, आणि कोल्हापुरात राजाराम तलावात सुरू होणारी बर्गमन ११३. नावातले आकडे वेगळे दिसले तरी अंतर एकच आहे. ७०.३ हे मैल आणि ११३ हे किलोमीटर. १.९ किलोमीटर पोहायचं, ९० सायकल चालवायची, २१.१ धावायचं.

माझं मत आधीच सांगते. पोट नाजूक असेल आणि पहिलीच वेळ असेल तर कोल्हापूर. गोवा पुढच्या वर्षी, नाहीतर पहिल्या वर्षी गोव्यात रिले, म्हणजे संघातून एकच भाग. एका प्रकारच्या पोटाला मात्र हा सल्ला उलटा लागू होतो, म्हणून सुरुवात तिथून.

तुमचा त्रास वरचा की खालचा?

मळमळ, आंबट ढेकर, पोट तट्ट फुगणं, उलटी हा वरचा त्रास. कळ येणं, पातळ होणं, घाईची लागणं हा खालचा. सायकलवर पुढे वाकून, एरोबारवर (हँडलला पुढे जोडलेल्या दांड्यांवर) कोपरं टेकून तीन-चार तास बसलं की पोट दाबलं जातं आणि वरचा त्रास उफाळतो. धावताना प्रत्येक पावलाला आतडी हादरतात, म्हणून खालचा त्रास रनमध्ये गाठतो. तुमचा कुठला, हे सरावाच्या वहीत दोन महिने लिहून काढा. पुढचा सगळा निर्णय त्यावर आहे.

आणि निदानच झालेलं नसेल तर स्पर्धेचा विचार थोडा बाजूला ठेवा. शौचातून रक्त जाणं, कारण नसताना वजन उतरणं, झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त कमी असणं, यांतलं काहीही असेल तर आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जा. गव्हाचा संशय असेल तर सिलिअकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्यांना इजा होणाऱ्या आजाराची) तपासणी गहू खात असतानाच करून घ्या. आधी गहू सोडला तर तपासणीत आजार दिसतच नाही, अशी शक्यता असते. मी हीच चूक केली आणि पुन्हा सहा आठवडे पोळ्या खाऊन तपासणी करावी लागली.

समुद्र आणि तलाव

गोव्यातलं पाणी खारं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. लाटेवर श्वास घेताना दोन-चार घोट पोटात जातात, आणि इतकं खारट पाणी आत गेलं की आतडी उलट शरीरातलंच पाणी ओढून घेतात. त्यात लाटांचं हेलकावणं. बोट लागणाऱ्या माणसाला मिरामारचा समुद्र शांत दिवशीही लागू शकतो. मी पाण्यातून बाहेर आले तेव्हा जीभ खारट आणि सुजल्यासारखी झाली होती. सायकलवरची पहिली चाळीस मिनिटं काही गिळलंच गेलं नाही आणि तिथून सगळं गणित कोसळलं.

राजाराम तलावात लाटा नाहीत, मीठ नाही. गोड्या पाण्याचा धोका निराळा आहे. तलाव कुठलाही असो, पोटात गेलेल्या जंतूंनी त्रास व्हायचाच असेल तर तो बहुधा काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होतो. शर्यत तोवर संपलेली असते. वरच्या त्रासाच्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे, आणि माझ्या मते कोल्हापूरच्या बाजूचं हेच सगळ्यात भक्कम कारण.

गोवाच करायचं असेल तर मग किमान तीन-चारदा समुद्रात पोहून या. पोहण्याच्या तलावात कितीही किलोमीटर मारले तरी ही सवय होत नाही. आणि टी-वनमध्ये, म्हणजे पोहणं संपवून सायकल घेण्याच्या जागी, सायकलला हात लावण्याआधी साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा, मग दोन-तीन घोट प्या. एवढ्याने मला सरावात पुष्कळ फरक पडला.

उकाडा, आणि पोटात नेमकं काय होतं

जोरात व्यायाम करताना रक्त स्नायूंकडे वळतं आणि आतड्यांचा पुरवठा खूप घटतो. उष्णता असेल तर त्वचेलाही रक्त हवं असतं, म्हणजे आतड्यांच्या वाट्याला आणखी कमी. अशा अर्धउपाशी आतड्यांत आपण गोड जेल (ऊर्जेसाठीचा साखरेचा घट्ट पाक) ओततो. ते शोषलं जात नाही, तिथेच पडून राहतं, आणि मग मळमळ किंवा जुलाब. स्पर्धेतल्या पोटदुखीचं मूळ बहुतेकदा इथे असतं. आदल्या दिवशीच्या जेवणाला उगाच दोष दिला जातो.

गोव्याची स्पर्धा २०१९ साली ऑक्टोबरमध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून ती पावसाळ्यानंतरच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच होत आली आहे. त्या दिवसांत हवेत ओल भरलेली असते. घाम गळतो पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे आणि पहाट गार असते. दुपारचं ऊन तिथेही भाजतं, पण हवा कोरडी असेल तर घाम काम करतो. त्या वर्षीची तारीख मात्र बघून घ्या, कारण महिना बदलला की ही तुलनाही बदलते.

याचा वेगाशी थेट संबंध आहे. गोव्यात सायकलवर सरावातल्या नाडीपेक्षा आठ-दहा ठोके खालीच राहायचं, असं मी आता ठरवून टाकलं आहे. पोट बिघडलं की पहिलं औषध म्हणजे वेग कमी करणं. दहा मिनिटं हळू गेलं की रक्त परत येतं आणि अडकलेलं पुढे सरकतं. गोव्याची एकूण मुदत साडेआठ तासांची आहे आणि पोहण्यासाठी १ तास १० मिनिटं. पाण्यात धास्ती नसेल तर सायकलवरची अशी दहा-पंधरा मिनिटं परवडतात.

बाटलीत काय, खिशात काय

ग्लुकोज शोषणारी आतड्यातली वाट ताशी साधारण ६० ग्रॅमला भरते. फ्रुक्टोजची वाट वेगळी आहे, म्हणून दोन्ही मिसळून सरावलेले खेळाडू ९० ग्रॅमपर्यंत जातात. हे आकडे वाचून नाजूक पोटाची माणसं ९०च्या मागे लागतात आणि फसतात. आपल्याला साडेसहा-सात-आठ तासांत पोचायचं आहे. मला ४५ पुरतात. आणि आयबीएसच्या अनेकांना फ्रुक्टोज झेपत नाही, तेव्हा ग्लुकोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (ग्लुकोजच्याच साखळ्यांची पूड) जास्त असलेलं पेय बरं.

दोन्ही ठिकाणांसाठी माझी मांडणी वेगळी आहे. गोव्यात सगळं बाटलीतून: ७५० मिलिलिटर पाण्यात ४५ ग्रॅम, म्हणजे सहा टक्क्यांचं पेय, दर तासाला एक बाटली. उकाड्यात तहान आपोआप लागते, त्यामुळे ऊर्जाही आपोआप आत जाते आणि घट्ट काही चावायचं राहत नाही. कोल्हापूरच्या गार सकाळी तेवढं पाणी प्यायलं जात नाही. जबरदस्तीने प्यायलं तर पोटात डुचमळत राहतं. म्हणून तिथे पातळ पेयाबरोबर उकडलेल्या बटाट्याचे मीठ लावलेले तुकडे. शंभर ग्रॅम बटाट्यातून साधारण २० ग्रॅम कर्बोदकं मिळतात, गोडाचा वीट येत नाही, आणि बटाटा माझ्या पोटाने आजवर एकदाही नाकारलेला नाही.

खजूर आणि शेंगदाण्याची चिक्की हे आपल्याकडचे आवडते खाऊ. सायकल राइडला छान, पण नाजूक पोटाने स्पर्धेत टाळावेत. खजुरात फ्रुक्टॅन (आतड्यात न पचता गॅस करणारी कर्बोदकं) असतात, चिक्कीतल्या शेंगदाण्याच्या तेलाने पोट उशिरा रिकामं होतं.

ओआरएसबद्दल एक गैरसमज वारंवार ऐकते. ते मीठ-पाणी भरून काढायला उत्तम आहे, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार लिटरभर ओआरएसमध्ये जेमतेम १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. नुसत्या ओआरएसवर हाफ करायला गेलात तर धावताना टाकी रिकामी होईल. आणि जेल घेतलं तर वर साधं पाणीच घ्या. जेलवर गोड पेय म्हणजे पोटात पाकच.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखी: स्पर्धेआधी किंवा मधे आयबुप्रोफेन घेऊ नका. आधीच रक्त कमी मिळणाऱ्या आतड्यांचं अस्तर त्याने आणखी दुखावतं, आणि पाणी कमी पडलेल्या मूत्रपिंडावरही ताण येतो.

थांबायला जागा

इथे गोवा पुढे आहे, आणि खालच्या त्रासाच्या माणसासाठी सल्ला उलटा होतो तो याच कारणाने. गोव्यात पणजीच्या परिसरातल्या बंद केलेल्या रस्त्यांवर फेऱ्या मारायच्या असतात. फेऱ्यांचा अर्थ असा की एड स्टेशन (पाणी-खाणं मिळणारे थांबे) आणि शौचालय पुन्हा पुन्हा समोर येतात. पहिल्या फेरीत नजरेत भरून ठेवलं की पुढचं किती मिनिटांवर आहे ते कळतं, आणि नुसतं ते कळण्यानेच माझी निम्मी कळ शांत होते. आयबीएस असलेल्या कुणालाही हे पटेल.

कोल्हापूरला मी गेले तेव्हा सायकलचा भाग महामार्गावर होता. सरळ, मोकळा, वेग घ्यायला सुंदर, पण घाईची लागली तर मधल्या पट्ट्यात आसरा नाही. तुमचा त्रास पूर्णपणे खालचा असेल आणि मळमळ कधीच होत नसेल, तर उकाडा सोसूनही गोव्याचा विचार करा.

लाज वाटत असेल तर एवढं लक्षात ठेवा: २००५ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफ रस्त्याच्या कडेला थांबल्या, मोकळ्या झाल्या आणि शर्यत जिंकल्याही. आपल्याला तर फक्त पोचायचं आहे.

आदले दोन दिवस

कोल्हापुरात तांबडा-पांढरा आणि मिसळ, गोव्यात खोबऱ्याचं हुमण. दोन्ही शर्यतीनंतर. ४८ तास आधीपासून मी कांदा, लसूण, हरभरा-राजमा, फ्लॉवर, दूध आणि गहू बंद करते. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने मांडलेल्या लो-फॉडमॅप (आतड्यात आंबून गॅस करणारी कर्बोदकं कमी असलेल्या) आहाराचंच हे छोटं रूप. मऊ भात, मुगाचं थोडं वरण, बटाटा, हिरवट टोकाचं केळं. पुण्याहून कोल्हापूर जवळ असल्याने घरचं वरण-भाताचं सामान आणि छोटा कुकर गाडीत टाकून नेता येतो. विमानाने गोव्याला गेलं की हॉटेलच्या स्वयंपाकघरावर भिस्त ठेवावी लागते. कांदा-लसूण नको म्हणजे फोडणीतही नको, हे दोनदा सांगावं लागतं.

बायकांसाठी आणखी एक. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत अनेकींना जुलाबासारखं होतं. तारीख निवडताना दिनदर्शिका बघायला संकोच करू नका.

माघार घेणं कुठे सोपं

गोव्याची नोंदणी, विमान, सायकलचं पॅकिंग, तीन रात्रींचं हॉटेल हे सगळं महाग पडतं. एवढे पैसे अडकले की आजारी माणूसही सुरुवातीच्या रेषेवर उभा राहतो. हे मी स्वतः अनुभवलं आहे. कोल्हापूरचा खर्च कमी, गाडीने परत येता येतं, आणि तिथे छोट्या अंतराची ट्रायथलॉनही होत आली आहे. गोव्यात त्याला तोड म्हणजे रिले: तिघांत वाटून घ्यायचं आणि तुमच्या पोटाला झेपेल तोच भाग आपल्याकडे ठेवायचा.

कारण एका बाबतीत दोन्ही ठिकाणी तडजोड नाही. नेहमीचं कुरकुरणारं पोट वेगळं आणि संसर्ग वेगळा. शेवटच्या दोन दिवसांत ताप, उलट्या, पाण्यासारखे जुलाब किंवा रक्त असेल तर उतरायचं नाही. शरीरातलं पाणी आणि क्षार आधीच गेलेले असताना उन्हात सात तास काढणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. जुलाब थांबवणारी गोळी घेऊन उतरणं तर सगळ्यात वाईट, कारण आजार आत राहतो आणि सूचना तेवढ्या बंद होतात.

अजूनही ठरत नसेल तर नोंदणीची तारीख संपण्याआधी एक रविवार काढा. भर उन्हात तीन तास सायकल, दर तासाला ४५ ग्रॅम, आणि उतरल्या उतरल्या चाळीस मिनिटं धावा. पोटाने सगळं ठेवून घेतलं तर गोव्याचा फॉर्म भरायला हरकत नाही. मळमळलं तर पेय पातळ करून, वेग उतरवून दोन आठवड्यांनी पुन्हा तेच करा. पोटही सरावाने शिकतं. दुसऱ्यांदाही नाहीच जमलं तर कोल्हापूर धरा, आणि त्यातही यंदा छोटं अंतर.