सीपीआरचं मशीन कॅज्युअल्टीत येऊन वर्ष होत आलं, आता लिहायला हरकत नाही

हृदय बंद पडलेल्या पेशंटची छाती माणसाऐवजी दाबत राहतं ते हे मशीन, आमच्याकडचं पिस्टनवालं आहे, ब्रँड मुद्दाम लिहीत नाही कारण बहुतेक गोष्टी कुठल्याही पिस्टनवाल्याला लागू होतील. मी कॅज्युअल्टीला डॉक्टर. नाईटला मी, दोन सिस्टर, एक ब्रदर आणि वॉर्डचे मामा, एवढीच आमची फौज.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, पेशंटच्या पाठीखाली एक पाट सरकवायचा, वरून कमान आणून त्याला टक्कन अडकवायची, कमानीतला पिस्टन खाली ओढून त्याचा कप छातीच्या मधल्या हाडावर टेकवायचा आणि बटण दाबायचं. मग मिनिटाला 100 च्या थोडं वर कंप्रेशन, म्हणजे छातीवर दाब, खोली पाच सेंटिमीटरच्या जरा पुढे, एका बॅटरीवर साधारण पाऊण तास. माणूस दोन मिनिटांत ढेपाळतो हो, आणि त्याचं त्याला कळतसुद्धा नाही, बाजूला उभं राहिलं की दिसतं कंप्रेशन उथळ व्हायला लागलेत. दर दोन मिनिटांनी माणूस बदला असं शिकवतात, पण रात्री तीनला बदली माणूस आणायचा कुठून?

खरा फायदा मला कळला तो लिफ्टमध्ये. कॅथलॅब, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीची खोली, आमची वरच्या मजल्यावर. आधी स्ट्रेचर लिफ्टमध्ये घातला की कंप्रेशन देणाऱ्याला उभं राहायला जागा नाही, मग ब्रदर स्ट्रेचरच्या दांडीवर गुडघा टेकवून कसंबसं दाबायचा, ते सीपीआर कसलं. आता मशीन त्याचं काम करत राहतं आणि माझे हात श्वासाच्या ट्यूबला, सलाईनच्या लाईनला, शॉकला मोकळे. कॅथलॅबमध्ये पण तेच, कंप्रेशन चालू असताना अँजिओप्लास्टी करता येते आणि कोणाला एक्स-रेखाली हात घालून उभं राहावं लागत नाही, फक्त सरळ वरून व्ह्यू घेतला की पिस्टनचा डबा आडवा येतो, तिरके अँगल घ्यावे लागतात. अँब्युलन्समध्ये तर विचारूच नका, आपल्या रस्त्यांवर धावत्या गाडीत उभं राहून कंप्रेशन देणं म्हणजे पेशंटसोबत स्वतःचंही डोकं फोडून घेणं.

पण विकणारे जे म्हणतात ना, मशीन लावलं की पेशंट जास्त वाचतात, ते मात्र सोडून द्या. मोठ्या ट्रायल झाल्यात यावर. लुकास नावाच्या पिस्टनवाल्या मशीनवरची लिंक ट्रायल 2014 ची, जवळजवळ 2,600 पेशंट, एक गट मशीनचा आणि एक हाताचा, चार तासांनंतर जिवंत असलेले दोन्ही गटांत साधारण 24 टक्के. पुढच्या वर्षी ब्रिटनमधली पॅरामेडिक नावाची ट्रायल, त्यात 4,400 च्या वर पेशंट, 30 दिवसांनी जिवंत असलेले मशीनच्या गटात 6 टक्के आणि हाताच्या गटात 7. म्हणजे चांगल्या हातांना मशीन हरवत नाही. म्हणूनच गाइडलाइन सरसकट वापरा म्हणत नाहीत, जिथे हाताने नीट देणं अवघड किंवा धोक्याचं आहे तिथे वापरा म्हणतात.

आणि लावताना जो वेळ जातो तो जिवावर येतो. सुरुवातीला आमच्याकडे पाट सरकवायचा म्हणून सगळेच थांबून बघत बसायचे, तेवढा वेळ मेंदूला रक्त शून्य. आता दोन टप्प्यांत करतो, एका ऱ्हिदम चेकला (मॉनिटरवर हृदयाचे ठोके बघायला थांबतो तेव्हा) फक्त पाट आत, लगेच हाताने कंप्रेशन सुरू, पुढच्या चेकला कमान. दर थांबा दहा सेकंदांच्या आत. पहिली काही मिनिटं मशीनचं नावसुद्धा काढायचं नाही, हात आणि शॉक, बस. कप लागला की त्याच्या कडेने मार्करने गोल काढतो कारण छाती घामाने ओली असेल तर कप हळूहळू पोटाकडे सरकतो आणि मग बरगड्या राहिल्या बाजूला, लिव्हरलाच मार बसायचा. मानेमागचा पट्टा कंटाळा न करता लावा, तो त्यासाठीच दिलाय. लहान मुलांना हे चालत नाही. फार बारीक आजी असल्या तर कप नीट टेकत नाही, फार जाड पेशंट असला तर कमानच बसत नाही, मग परत आपले हातच.

एक गोष्ट कोणी आधी सांगितली नव्हती. एका काकांचं हृदय बंदच होतं, पण मशीन चालू असताना ते हात वर करून कप ढकलायला लागले, मशीन थांबवलं की हात खाली, परत सुरू केलं की परत ढकलतायत. रक्त मेंदूपर्यंत इतकं छान पोचत होतं. सिस्टर घाबरून माझ्याकडे बघायला लागली. अशा वेळी सिडेशन, म्हणजे गुंगीचं औषध, द्यावं लागतं, हे टीमला आधीच सांगून ठेवा.

उलट बाजू म्हणजे थांबायचं कधी. हाताने देताना सगळे दमलेले दिसतात, नातेवाइकांनाही ते दिसतं. मशीन दमतच नाही, छाती वरखाली होत राहते, मुलगा दारातून म्हणतो, "डॉक्टर, श्वास चालू आहे ना बाबांचा?" आता त्यांच्यासमोर ते बटण दाबायचं म्हणजे माझा हात जड होतो. त्यामुळे लावतानाच घरच्यांशी बोलून घेते, हे कशासाठी लावलंय आणि कुठपर्यंत.

बाकी किरकोळ. एकदा सकाळच्या चेकला दिसलं, चार्जरचा प्लग काढून कोणीतरी स्वतःचा मोबाइल लावलाय, तेव्हापासून त्या सॉकेटवर चिकटपट्टी. कप एकदाच वापरायचा असतो आणि आमच्या सप्लायरकडे तो कधी वेळेवर मिळाला असेल तर शपथ. उलटी-रक्त पट्ट्यात गेलं की धुणं म्हणजे मावशींची शिव्यांची लाखोली.

घ्यायचं का? मशीनची किंमत लाखांत आहे. पेशंट हलवायला लागतो, कॅथलॅब आहे किंवा नाईटला माणसं कमी असतात, तर घ्या. छोटं नर्सिंग होम असेल तर आधी चांगला डीफिब (शॉक द्यायचं मशीन) आणि सगळ्या स्टाफचं ट्रेनिंग, मामांसकट. आणि डेमो द्यायला आले की त्यांच्या टेबलावर नका बघू, तुमच्याच स्ट्रेचरवर आणि तुमच्याच लिफ्टमध्ये लावून दाखवायला सांगा, जादा बॅटरी आणि कपचे रेट त्याच दिवशी लिहून घ्या.