सामान लादून कोकण किनारा: स्टेप-थ्रू ई-सायकल, आठ महिन्यांनंतर

आधी गाडी कोणती ते सांगतो. आडवी नळी नसलेली ॲल्युमिनियमची फ्रेम, मागच्या चाकात 250 वॅटची गिअरवाली हब मोटर (चाकाच्या मधल्या तुंब्यातच बसवलेली), सीटच्या नळीमागे 36 व्होल्ट, 14 अँपिअर-अवरची बॅटरी. वजन 26 किलो, वर सामान 18 किलो. ऑक्टोबर ते मे या काळात दापोली ते रत्नागिरी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या दोन्ही फेरीबोटी धरून, बऱ्याच वेळा चालवली.

कॅरियरवर तंबूची वळकटी आणि दोन्ही बाजूंना पॅनियर, म्हणजे टांगायच्या पिशव्या, असल्या की मागून टांग टाकता येत नाही. पाय अडकतो आणि गाडी सामानासकट कलंडते. ओहोटीला धक्क्याचा उतार शेवाळलेला असतो. तिथे 44 किलोची गाडी दोन्ही हातांनी धरून मधूनच पाय काढता येतो, एवढ्यासाठीसुद्धा हीच फ्रेम घ्यावी असं माझं मत आहे.

पण आडवी नळी गेली की फ्रेमला पीळ बसतो. सगळं वजन मागे असेल तर तीसच्या वर वेग गेला की उतारावर हँडल थरथरतं, आणि आवळायला गुडघ्यांमध्ये नळीही नसते. सहा-सात किलो पुढच्या चाकाशी खाली टांगलं, हेडसेटमधला, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमधला, ढिलेपणा काढला आणि कॅरियरच्या बोल्टांना लॉकटाइट (आटे ढिले होऊ न देणारा गोंद) लावलं, तेव्हा थरथर जवळजवळ थांबली. घेण्याआधी दुकानातच कॅरियरच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा किलो तांदूळ टांगा, एका हाताने सीट आणि दुसऱ्याने हँडल धरून पिळून बघा. पुढचं चाक मागच्याच्या रेषेतून सहज सरकत असेल तर ती गाडी सोडा. बॅटरी कॅरियरवर असलेली तर घेऊच नका. आधीच उंचावरचं वजन आणखी उंच जातं.

रेंज किलोमीटरमध्ये मोजू नका. इथे प्रत्येक खाडीपाशी उतरायचं आणि पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, चढायचं. माणूस 70 किलोचा धरला तर एकूण 114 किलो, आणि ते 100 मीटर वर न्यायला 31 वॅट-अवर लागतात. मोटरमधली गळती धरली की 43 च्या आसपास. दिवसात असे आठ चढ आले आणि पायांनी तिसरा हिस्सा उचलला, तरी 230 वॅट-अवर गेले, म्हणजे 504 मधली जवळजवळ निम्मी बॅटरी. कागदावर 80 किमी लिहिलेलं असलं तरी मी 45 ते 50 धरून मुक्काम ठरवतो.

शेवटच्या पाव बॅटरीवर चढाला जोर मागितला की व्होल्टेज कोसळतं आणि डिस्प्लेवर एक काडी दिसत असतानाही मोटर बंद पडते. असिस्ट, म्हणजे मोटरच्या मदतीची पातळी, एकवर आणा, हलका गिअर घ्या, पाय भरभर फिरवा. हब मोटरला ताशी आठ किलोमीटरच्या खाली फार वेळ ओढू देऊ नका. आत उष्णता साठते आणि मोटरमधल्या गिअरचे नायलॉनचे दाते झिजतात. आरे-वारेसारख्या चढांवर मागे 34 दात्यांचा आणि पुढे 38 चा गिअर लागतोच. दुकानातून आलेला पुढचा 44 चा पहिल्याच महिन्यात बदलावा लागला.

मागचे स्पोक तीन तुटले, तिन्ही निपलपाशी, म्हणजे रिममध्ये स्पोक आवळणाऱ्या नटापाशी. मोटरचा हब मोठा असल्यामुळे स्पोक आखूड आणि रिममध्ये तिरके बसतात. 13 गेजचे, म्हणजे जाडसर, एकाच फुलीने (प्रत्येक स्पोक दुसऱ्या एकालाच ओलांडेल असे) विणून घेतल्यावर तुटणं थांबलं. ही लांबी तालुक्याच्या सायकल दुकानात मिळत नाही, म्हणून सहा जास्तीचे फ्रेमला टेपने चिकटवून ठेवा. पंक्चरला चाक काढायचं तर 18 चा पानाही हवाच.

खारी हवा सगळ्यात आधी मोटरच्या वायरीच्या जोडाला लागते. पिनांवर हिरवट काट चढते आणि मोटर मधेमधे हिसका देते. महिन्यातून एकदा जोड उघडून पुसा, डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं, ओल अडवणारं) भरा. धुताना बादलीतलं गोडं पाणी आणि फडकं वापरा. गाड्या धुण्याच्या फवाऱ्याने पाणी थेट हबच्या सीलमधून आत जातं.

चार्जर दोन अँपिअरचा, पूर्ण भरायला सात तासांहून जास्त घेतो. लॉजवर पोचल्यावर बॅटरी आधी अर्धा तास थंड होऊ द्या, मग लावा.