खुर्चीचा पुढारी की सेवेचा?

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चांत, कमिटीची निवडणूक आली की ग्रामपंचायतीची आठवण होते. कोण कोणाच्या गटाचा, कोणाच्या घरी जेवणं झाली, मराठी उपासनेला सकाळची वेळ मिळणार की कन्नड, सगळ्याची गणितं मांडली जातात. सत्तेचं राजकारण करणाऱ्याचा फायदा मात्र मान्य करायला हवा: कामं झटपट होतात. छपराचे पत्रे महिन्यात बदलतात, जमिनीच्या कागदांसाठी तहसीलदार कचेरीत तोच उभा राहतो. पण अर्पणाचा, म्हणजे उपासनेत जमलेल्या पैशांचा, हिशेब विचारला की त्याला राग येतो.

सेवक-पुढारी संथ असतो. सगळ्यांना विचारत बसतो, मीटिंग लांबते, आणि खरं सांगायचं तर कधी कधी वैताग येतो. पण अर्पण दोघांसमोर मोजतो, आकडा फळ्यावर लिहितो आणि आजारी म्हातारीला भेटायला फोटोग्राफर नेत नाही.

बायबलात मार्क 10:42-45 मध्ये येशू शिष्यांना हेच सांगतो: परराष्ट्रीयांचे अधिकारी सत्ता गाजवतात, तुमच्यात तसं नको. तेही त्यांच्यातल्याच याकोब आणि योहानानं मानाच्या जागा मागितल्यावर! म्हणजे हे दुखणं पहिल्या बारा जणांपासूनचं.

येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पाय धुण्याचा विधी पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, अनेक चर्चांत होतो. 2013 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तो रोमच्या बालसुधारगृहातल्या कैद्यांसोबत केला. आपल्याकडे पाय धुवायला कोणाला बसवायचं यावरूनही रुसवे होतात.

माझं मत संथ माणसाला. पत्रे बदलायला मिस्त्री आहेच.