‘कितव्या मिनिटाला?’ : चित्रपटाच्या वर्गात नऊ महिने ऑनलाइन साधनं वापरल्यानंतर

ऑगस्टमध्ये पहिले निबंध आले तेव्हा एका मुलानं ‘कुंकू’च्या शेवटावर दीड पान लिहिलं होतं. नीरा आणि तिचा वयस्क नवरा काकासाहेब यांच्यातला दुरावा मिटतो, दोघं नव्यानं संसार मांडतात, आणि समाजाला समन्वयाचा संदेश मिळतो, असं. भाषा सफाईदार, शुद्धलेखन चोख. अडचण एवढीच, की १९३७ च्या त्या चित्रपटात काकासाहेब शेवटी स्वतःचं आयुष्य संपवतात. मुलानं चित्रपट पाहिलाच नव्हता. लिहून देणाऱ्या एका एआय साधनाला त्यानं विषय सांगितला होता आणि आलेला मजकूर तसाच उतरवला होता.

मी त्याला रागावले नाही. एवढंच विचारलं, “हे कितव्या मिनिटाला आहे?” तो गप्प राहिला. पुढचे नऊ महिने मी जी जी साधनं वर्गात वापरली, ती सगळी या एका प्रश्नावर घासून पाहिली. मुलाला चित्रपटातल्या नेमक्या क्षणाकडे बोट दाखवायला जे साधन भाग पाडतं, ते मी ठेवलं. बाकीची सोडून दिली.

आमची परिस्थिती आधी सांगते, म्हणजे माझं मत कुठल्या जमिनीवर उभं आहे ते कळेल. कोल्हापुरात पदवीच्या वर्गाला मी चित्रपटाचा पेपर शिकवते. मुलं चौतीस. संगणक कक्षात धड चालणारी यंत्रं अकरा. मोबाइल सगळ्यांकडे, लॅपटॉप पाच जणांकडे. निम्मी मुलं आसपासच्या गावांतून एसटीनं येतात आणि त्यांचा रोजचा दीड जीबी डेटा दुपारपर्यंत संपलेला असतो. बहुतेकांचं शिक्षण मराठी माध्यमात झालेलं. म्हणजे परदेशी विद्यापीठांच्या पानांवर चित्रपट शिकवण्याची जी साधनं सुचवलेली असतात, त्यांतली निम्मी आमच्या दारातच अडखळतात.

सगळ्यात उपयोगी पडली ती सगळ्यात साधी गोष्ट : सगळ्यांना एकाच वेळी लिहिता येईल असा ऑनलाइन तक्ता. त्यात मी आठ रकाने केले. शॉटचा, म्हणजे दोन कटांमधल्या अखंड तुकड्याचा, क्रमांक, सुरुवात, शेवट, किती सेकंद, चौकट किती जवळची, कॅमेरा हलतो का, काय ऐकू येतं, आणि शेवटचा ‘तुला काय दिसलं’. चार-चार जणांचे गट केले आणि प्रत्येक गटाला चित्रपटाची दहा मिनिटं दिली. पहिल्या आठवड्यात घोळ झाला तो वेळेच्या रकान्यात. मुलं दोन मिनिटं पंधरा सेकंदांसाठी ०२:१५ असं लिहीत आणि तक्ता ते दोन तास पंधरा मिनिटं धरी. सरासरी काढली तर एकेक शॉट कित्येक मिनिटांचा! तेव्हापासून नियम केला की पुढे तासाचं शून्य लावायचंच. हा शून्याचा धडा तुमच्या वर्गात पहिल्याच दिवशी द्या, माझे दोन तास त्यात गेले.

‘तुला काय दिसलं’ या रकान्यानं मला सगळ्यात जास्त आनंद दिला. सुरुवातीला तिथं ‘छान’, ‘भावनिक’, ‘प्रभावी’ असले शब्द यायचे. मी प्रत्येकापुढे फक्त ‘कशामुळे?’ असं लिहून ठेवायचे. तक्ता सामायिक असल्यामुळे ते सगळ्यांना दिसायचं, आणि तिसऱ्या आठवड्यात मुलंच एकमेकांच्या ओळींपुढे ‘कशामुळे?’ लिहायला लागली. ‘कुंकू’ला पार्श्वसंगीत नाही, घरातले-रस्त्यावरचे आवाजच तिथं संगीताचं काम करतात. हे मी व्याख्यानात सांगितलं असतं तर मुलांनी वहीत टिपून घेतलं असतं आणि विसरली असती. इथं ‘काय ऐकू येतं’ हा रकाना भरताना, कागलहून येणारी एक मुलगी स्वतःच माझ्याकडे आली. “मॅडम, ह्यात मागं म्युझिकच वाजत न्हाई की. नुसतं घड्याळच ऐकू येतंय.” तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. वीसेक वर्षांच्या शिकवण्यात असे क्षण मला फार मिळालेले नाहीत.

शॉट मोजायचा तर चित्रपट थांबवता यायला हवा. संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ-प्लेअरमध्ये इंग्रजी ‘ई’ची कळ दाबली की एकेक फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, पुढे सरकते. यूट्यूबवर चित्र थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळा दाबल्या तर फ्रेमनं मागे-पुढे जाता येतं. वर्षानुवर्षं यूट्यूब पाहणाऱ्या चौतीस मुलांपैकी एकालाही हे ठाऊक नव्हतं. त्या तासाला वर्गात जो गलका झाला तो मला अजून आठवतो. माणसाच्या डोळ्याची पापणी लवताना कट मारलेला एकीनं पकडला आणि सगळे तिच्या यंत्राभोवती गोळा झाले.

त्यानंतर आम्ही शॉट मोजण्याच्या सिनेमेट्रिक्स या संकेतस्थळाकडे वळलो. शिकागो विद्यापीठातले चित्रपट-इतिहासकार युरी त्सिव्यान यांनी २००५ मध्ये ते सुरू केलं. चित्रपट चालू ठेवायचा, दर कटला क्लिक करायचं, शेवटी शॉटची सरासरी लांबी आणि आलेख हाती येतो. जगभरच्या अभ्यासकांनी मोजलेले चित्रपट तिथं साठवलेले असल्यामुळे तुलनाही करता येते. हाताने क्लिक करायचं म्हणजे चूक होणारच, असा मुलांचा पहिला आक्षेप होता. त्यावर आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. दर वेळी बोट पाव सेकंद उशिरा पडलं तरी सरासरीला फारसा धक्का लागत नाही, कारण पुढचं क्लिकही तेवढंच उशिरा असतं. पण कट सुटला तर मात्र आकडा बदलतो. दहा मिनिटांत साठ शॉट असतील तर सरासरी दहा सेकंद. दहा कट नजरेतून निसटले तर तीच सरासरी बारा सेकंदांवर जाते. म्हणून तेच दृश्य तिघांनी वेगवेगळं मोजायचं आणि आकडे जुळेपर्यंत पुन्हा बघायचं. आकड्यासाठी का होईना, मुलांनी ती दहा मिनिटं सहा-सात वेळा पाहिली. मला हवं होतं ते हेच. आकडा विसरला तरी चालेल.

आणि इथंच वर्षातला सगळ्यात चांगला गोंधळ झाला. दोन गटांनी एकच भाग मोजला होता आणि शॉटची संख्या तंतोतंत जुळत होती, पण वेळ जुळत नव्हती. “मॅडम, आमच्यात तो सीन आधीच संपतोय,” असं एका गटाचं म्हणणं. आधी मला वाटलं, यांनी मधला तुकडा गाळलाय. मग प्रती शेजारी-शेजारी लावल्या. एक प्रत सेकंदाला २४ फ्रेमची होती, दुसरी २५ ची. चित्रपट चित्रित होतो २४ फ्रेमनं. आपल्याकडची टीव्हीची जुनी पाल पद्धत २५ फ्रेमची, त्यामुळे त्यासाठी बनवलेल्या प्रती किंचित भरभर पळतात. शंभराला चार. दहा मिनिटांच्या भागात २४ सेकंदांचा फरक, आणि आवाजही थोडा चढा. आमची मुलं बरोबर होती, दोन्ही गट. त्या दिवसापासून तक्त्यात नववा रकाना आला : ‘कुठली प्रत’. मूकपटांचा तास आला तेव्हा या शोधाचा फार उपयोग झाला. पस्तीस एमएमच्या फिल्मवर एका फुटात सोळा फ्रेम बसतात, म्हणजे हजार फुटांचं रीळ २४ च्या वेगानं अकरा मिनिटांत संपतं आणि १६ च्या वेगानं साडेसोळा मिनिटांवर चालतं. जुन्या चित्रपटातली माणसं दुडुदुडु धावताना दिसतात ती तशी चालत नव्हती, कमी वेगानं चित्रित झालेली दृश्यं जास्त वेगानं चालवलेली असतात. हे मुलांनी मला सांगितलं, मी त्यांना नाही.

भारतीय चित्रपट शिकवणाऱ्या प्रत्येकाला मी इंडियनसिने डॉट एमए हा संग्रह उघडून बघायला सांगेन. पॅड डॉट एमए या व्हिडिओ-संग्रहाच्या मंडळींनी तो २०१३ मध्ये उभा केला. आशीष राजाध्यक्ष आणि पॉल विलेमेन यांच्या भारतीय चित्रपटकोशाच्या नोंदी त्याच्या पायाशी आहेत. चित्रपट तिथं लांबलचक पट्टीसारखा पसरलेला दिसतो आणि त्या पट्टीवर नेमक्या जागी टिपण लावता येतं. माझा ‘कितव्या मिनिटाला?’ हा प्रश्न त्या संग्रहाच्या रचनेतच आहे. आधी क्षण निवडा, मग बोला. हे काम मोठ्या पडद्यावरच करावं. आम्ही अकरा यंत्रांवर तिघा-तिघांनी बसून केलं. सूचना इंग्रजीत असल्यामुळे मी नेहमी लागणाऱ्या वीसेक शब्दांची मराठी यादी भिंतीवर लावली होती. नोव्हेंबरनंतर तिच्याकडे कुणी बघेनासं झालं.

‘कुंकू’ बनवणारी प्रभात कंपनी १९२९ साली आमच्याच गावात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. पुण्यातला तिचा स्टुडिओ म्हणजे आजच्या एफटीआयआय या चित्रपट-शिक्षण संस्थेचा परिसर. तिथं काय काय घडलं ते आता कोल्हापुरातल्या एका वर्गात, रंकाळ्यापासून हाकेच्या अंतरावर, फ्रेम-फ्रेम करून बघता येतं याचं मला खरंच अप्रूप वाटतं.

उपशीर्षकांचा अनुभव संमिश्र. आपोआप उपशीर्षकं काढणारी एक सेवा आम्ही जुन्या मराठी संवादांवर चालवून पाहिली. १९३० च्या दशकातला खरखरीत आवाज आणि तेव्हाची बोली तिला झेपली नाही, अर्ध्या ओळी निरर्थक आल्या. तेव्हा ठरवलं की मुलांनीच लिहायची. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये क्रमांक, सुरुवात-शेवटाची वेळ, खाली संवाद. फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात साठवायला विसरलात तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा निरर्थक अक्षरं दिसतात, हे लक्षात ठेवा. एका वेळी दोनच ओळी, आणि प्रेक्षकाला वाचून व्हायला हव्यात. या बंधनामुळे मुलं संवादावर जितकी भांडली तितकी कुठल्याच निबंधावर भांडली नसती. ‘अगो’ तसंच ठेवायचं की ‘अगं’ करायचं, यावर एक पूर्ण तास गेला. तो मी जाऊ दिला.

संकलनाबद्दल थोडक्यात. मोठी व्यावसायिक सॉफ्टवेअर आमच्या यंत्रांना पेलत नाहीत. शॉटकट हे मोफत आणि हलकं, त्यावर काम भागलं. रशियन दिग्दर्शक कुलेशोव्हचा प्रयोग, म्हणजे निर्विकार चेहऱ्याचा एकच शॉट तीन वेगवेगळ्या शॉटना जोडायचा आणि बघणाऱ्याला त्याच चेहऱ्यावर वेगवेगळे भाव दिसतात का ते पाहायचं, तो मुलांनी मोबाइलवर चित्रित केला. एक चेहरा, आणि त्यापुढे तांबड्या रश्श्याची वाटी, रिकामा पाळणा, निकालाचा फलक. मोबाइलवरची काही मोफत संकलन-अ‍ॅप कोपऱ्यात स्वतःचा शिक्का उमटवतात, तेवढं आधी तपासून घ्या.

कायद्याची भीती अनेक सहकाऱ्यांना वाटते. आपल्याकडे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. म्हणजे १९६४ पर्यंत प्रदर्शित झालेले चित्रपट २०२५ च्या सुरुवातीपर्यंत मुक्त झाले. हक्क अजून चालू असलेल्या चित्रपटांसाठी स्वामित्वहक्क कायद्याचं कलम ५२ वर्गातल्या अध्यापनाला सवलत देतं. मी सुरुवातीचं सत्र मुद्दाम जुन्याच चित्रपटांवर बेतलं. मनावर ओझं राहत नाही आणि मुलांना तुकडे निर्धास्तपणे कापता-जोडता येतात.

डेटाचा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. मी एवढंच करू शकले की प्रत्येक गटाचा दहा मिनिटांचा तुकडा कमी आकारात कापून पेन ड्राइव्हवर दिला. ज्याला जे हवं ते कक्षातून मोबाइलवर उतरवून न्यावं. तक्त्याला मात्र फारसा डेटा लागत नाही, तो एसटीतही भरता येतो. एका मुलानं खरंच भरला. गारगोटीच्या गाडीत बसून, कानात इयरफोन घालून. त्याच्या नोंदींत ‘काय ऐकू येतं’ हा रकाना दोन ठिकाणी कोरा होता. विचारलं तर म्हणाला, “तिथं इंजिनाचा आवाज लई होता मॅडम, खोटं कशाला लिहू?”

ऑगस्टमधल्या त्या मुलाचं सांगायचं राहिलं. मी त्याला एआय वापरायला बंदी केली नाही. एवढंच सांगितलं, की प्रत्येक विधानापुढे वेळ लिहायची आणि ती वेळ मी उघडून बघणार. जानेवारीत त्यानं तेच साधन पुन्हा वापरलं, पण साधनानं दिलेल्या बारा विधानांपैकी किती चित्रपटात सापडतात ते स्वतः तपासून आणलं. पाच सापडली. उरलेली सात खोडून त्याजागी त्यानं स्वतः पाहिलेल्या गोष्टी लिहिल्या होत्या, वेळेसकट, प्रतीच्या नावासकट. त्या सात ओळींची भाषा पहिल्या निबंधाइतकी गुळगुळीत नव्हती. मी त्या वर्गात मोठ्यानं वाचून दाखवल्या.

येत्या जूनपासून एकच बदल करणार आहे. ‘कुंकू’ मराठीबरोबर हिंदीतही बनला, ‘दुनिया न माने’ या नावानं. शांता आपटे आणि केशवराव दाते दोन्हींत आहेत. एका गटाला मराठी, एका गटाला हिंदी, आणि तोच प्रसंग. तक्त्यात दहावा रकाना : ‘दुसऱ्या भाषेत हा शॉट किती सेकंदांचा?’