मामानॅटली-निओनॅटली संच: नर्सिंग शाळेने घ्यावा का?

बाळंतपणाच्या सरावाचा हा संच घ्यावा. पण एक नको, किमान तीन घ्यावेत, आणि शोकेसमध्ये ठेवायचे असतील तर एकही घेऊ नये.

२०२३ मध्ये केंद्राने वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून १५७ नवी नर्सिंग कॉलेजं मंजूर केली, १,५७० कोटी दिले. जागा वाढल्या, बाळंतपणं मात्र कमी होत चालली आहेत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे दर बाईमागे सरासरी मुलं, १.७ निघाला. जिल्हा रुग्णालयाच्या एकाच लेबर रूममध्ये एएनएम, जीएनएम, बीएस्सी या नर्सिंग कोर्सच्या मुली आणि एमबीबीएसचे इंटर्न असे सगळे केसची वाट बघत असतात. मागच्या रांगेतल्या मुलीला पुढच्यांचे खांदे दिसतात. उद्या तीच उपकेंद्रावर रात्री एकटी असणार.

नॉर्वेच्या लेर्डल ग्लोबल हेल्थचा हा जोडसंच नेमका या अडचणीवर आहे. मामानॅटली म्हणजे पोटावर पट्ट्यांनी बांधायचं कृत्रिम पोट आणि योनीमार्ग. ते एक जिवंत माणूस अंगावर चढवतं आणि बाळंतीण होतं. आतून हाताने बाळ पुढे ढकलायचं, वार (प्लासेंटा) सोडायची, लाल पाण्याच्या टाकीचा झडप-नळ उघडून रक्तस्राव कमी-जास्त करायचा, गर्भपिशवी घट्ट किंवा सैल ठेवायची, हे सगळं तिच्याच हातात. निओनॅटली हे बाळ. त्यात साधारण दोन लिटर कोमट पाणी भरलं की हातात खऱ्या बाळासारखं लुळं आणि जड लागतं. फुगे दाबून त्याला श्वास देता येतो, नाळेचा ठोका चालू-बंद करता येतो.

टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या पेल्व्हिसपेक्षा (कंबरेच्या हाडांच्या नमुन्यापेक्षा) हे सरस ठरतं ते बोलणाऱ्या बाळंतिणीमुळे. "सिस्टर, पाणी द्या ना", "मला सोडून जाऊ नका", "पोटात कसंतरी होतंय" असं ती बोलू लागली की मुलीला हात आणि तोंड दोन्ही एकदम चालवावं लागतं. खऱ्या लेबर रूममध्ये नेमकं तेच अवघड जातं. कुणी "ओरडू नको गं" म्हणून खेकसली, तर संच बांधलेली मैत्रीण नंतर सगळ्यांसमोर सांगते की त्या क्षणी कसं वाटलं. ट्यूटरच्या लेक्चरपेक्षा ते जास्त लागतं. बाळंतिणीचं काम मात्र आळीपाळीने द्यावं. एकाच हुशार मुलीला कायम बांधलं की तिचं नाटक चांगलं होतं, बाकीच्यांचं शिकणं राहतं.

सराव कसा घ्यायचा ते तपशिलात सांगतो, कारण संच वाया जातो तो इथे. सहा जणींचा गट करा: बाळंतीण, नर्स, मदतनीस, सासू, घड्याळ बघणारी आणि चेकलिस्ट वाचणारी. बाळ बाहेर आल्यावर पोट चाचपून दुसरं बाळ नाही याची खात्री, मग एका मिनिटाच्या आत रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत. आपल्याकडे अँप्यूल (औषधाची काचेची कुपी) बहुधा ५ युनिटची मिळते, म्हणजे दोन फोडाव्या लागतात. मुली इथेच अडकतात. सिरिंज आधी भरून ठेवलेली नसेल तर मिनिट काच फोडण्यातच जातं. म्हणून सरावात रिकाम्या सिरिंजने "दिलं" म्हणू देऊ नका. पाण्याच्या अँप्यूल खरोखर फोडायला लावा. आणि लक्षात ठेवा, संचाच्या मागे खरं माणूस आहे. सुई तिच्या मांडीजवळही न्यायची नाही. इंजेक्शनचं पॅड बाजूच्या ट्रेमध्ये ठेवा.

रक्तस्रावाचा भाग सगळ्यात उपयोगाचा. डोळ्यांनी रक्त मोजताना जवळजवळ सगळेच कमी मोजतात. आधी ५०० मिली लाल पाणी मोजून जुन्या साडीवर ओता आणि सगळ्यांना तो डाग बघू द्या. मग सराव सुरू करा. नवशिक्या बाळंतिणी नळ एकदम पूर्ण उघडतात आणि दोन मिनिटांत टाकी रिकामी करतात. त्यातून चुकीचं शिकलं जातं, कारण बाई बऱ्याचदा हळूहळू वाहत राहते आणि कुणाचं लक्ष जात नाही. नळ अर्धाच उघडा, पिशवी सैल ठेवा. मुलीने पोटावरून पिशवी नीट चोळली तरच घट्ट करा. वार पूर्ण आली का, हे तिने उलटून-पालटून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बाळाच्या बाबतीत छाती उचलली गेली की नाही, हा एकच निकाल. मास्कचा सील सुटला किंवा मान फार मागे गेली की छाती हलत नाही, आणि अंबू बॅग (श्वास देण्याची हाताने दाबायची पिशवी) कितीही दाबली तरी बाळ तसंच पडून राहतं. बॅग नवजात बाळाचीच हवी, २४० ते ५०० मिलीची. कपाटात हाताशी लागते म्हणून मोठ्यांची बॅग वापरून शिकवणाऱ्या शाळा आहेत, त्यांना काय म्हणावं!

आता उणिवा. गर्भाशयाचं तोंड किती उघडलं हे बोटांनी ओळखणं या संचावर शिकता येत नाही. त्याला वेगळे नमुने लागतात, आणि शेवटी पेशंटच. पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याचा तक्ता, कागदावर वेगळा शिकवावा लागतो. टाके घालायचा सराव स्पंजवर करा. नोंदवहीतल्या खऱ्या बाळंतपणांची जागा हा संच घेत नाही. "मॉडेलवर झालं, सही करा" हा शॉर्टकट कुणी काढत असेल तर तो बंदच केला पाहिजे.

हिशेबही करून बघा. एका मुलीला नर्स म्हणून एक पाळी: वीस मिनिटं सराव, दहा मिनिटं चर्चा. चाळीस जणींच्या वर्गाला एका संचावर वीस तास. तीन संच आणि तीन ट्यूटर असतील तर एका दिवसात होतं. शंभर मुलींच्या नव्या कॉलेजला एका पाळीसाठीच पन्नास तास लागतील, आणि एका पाळीत कुणाचा हात बसत नाही. दर दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षक कागदावर असतो. जागा रिकामी असेल तर संच कपाटातच राहणार. खरेदीआधी ट्यूटरची भरती बघा.

देखभाल साधी आहे, पण टाळली जाते. लाल पाणी त्याच दिवशी काढा, टाकी आणि नळ्या साध्या पाण्याने धुवा, बाळ रिकामं करून तोंड खाली करून सावलीत वाळवा. पाणी तसंच ठेवलं की पावसाळ्यात आत बुरशी धरते आणि वास जात नाही. रंग कपड्यांवर बसतो. बांधणारीला प्लॅस्टिकचा ॲप्रन आणि खाली मेणकापड द्या. ऑर्डर देतानाच जादा मास्क, नाळेचे चिमटे आणि नळ्या मागवून ठेवा, आणि कपाटाची किल्ली प्राचार्यांच्या ड्रॉवरमध्ये नको, स्किल लॅबच्या ट्यूटरकडे द्या.